नदी कोणतीही आणा, आधी नळाचा हिशेब द्या!

इचलकरंजीच्या तमाम नळधारकांना, भाडेकरूंना, यंत्रमाग कामगारांना आणि नळावर रांग लावणाऱ्या आया-बहिणींना जाहीर विनंती



हे पत्रक कोणत्याही पक्षाचे नाही. यावर कुणाचा फोटो नाही, खाली कुणाला मत द्या असेही लिहिलेले नाही. वाचून झाल्यावर चहाच्या कपाखाली ठेवू नका, खिशात ठेवा. शेवटी एका अर्जाचा मजकूर दिला आहे, तो उपयोगी पडेल.

आपल्या गावात पाण्यावरून गेली कित्येक वर्षे एकच भांडण चालू आहे: पाणी कोणत्या नदीचे? पंचगंगा नासली म्हणून मजरेवाडीहून कृष्णा आणली. कृष्णेच्या पाइपला गळती लागते म्हणून वारणा मागितली, तर दानोळीकर आडवे आले. मग दूधगंगा, म्हणजे सुळकूड योजना पुढे आली, तर कागलकडचा नदीकाठ उठून बसला. मोर्चे निघाले, गाव बंद झाले, उपोषणे झाली, मुंबईला शिष्टमंडळे जाऊन चहा पिऊन परत आली. दर निवडणुकीला नदीचे नाव बदलते, आश्वासन तेच राहते.

आम्हाला नवी नदी नको असे नाही. हव्या असतील तर दोन आणा. पण ती नदी आपल्या घरात कशी शिरणार? याच गल्लीतल्या, याच गटाराला टेकून गेलेल्या, याच सांध्यांतून ठिबकणाऱ्या पाइपांतून. आणि याच पाळीने, म्हणजे तीन-चार दिवसांआड, उन्हाळ्यात त्याहून उशिरा, तासाभरापुरती. धरणातून गंगाजल आणून या पाइपांत सोडले, तरी मोरीतल्या नळाला ते गंगाजलच येईल याची हमी कोणताही इंजिनिअर लिहून देणार नाही. पाणी किती आणि कुठून, यावर शहर घसा फोडते. पाणी कसले, हे विचारायला मात्र कुणाला सवड नाही.

तेव्हा आधी त्या पाइपात काय होते ते बघू.

चावी सोडलेली असते तेव्हा पाइपात दाब असतो. सांध्याला भेग असेल तर पाणी बाहेर पडते, रस्ता ओला होतो, आपण 'गळती, गळती' म्हणून ओरडतो. ती गळती पैशाचे नुकसान करते, पण पोट बिघडवत नाही. खरा घात होतो चावी बंद झाल्यावर. पाइप रिकामा होत जातो, आतला दाब उतरतो, आणि ज्या भेगेतून मघाशी पाणी बाहेर पडत होते तिच्यातूनच आता बाहेरचे आत ओढले जाते. बाहेर काय आहे? बहुतेक गल्ल्यांत गटार. आपल्या घरात येणारी अर्ध्या इंची जीआयची सर्व्हिस लाइन एकदा डोळे उघडून बघा. मेन लाइनवरच्या फेरूलपासून निघते, रस्ता ओलांडते, आणि थेट गटारातून उंबऱ्याकडे येते. गटाराच्या पाण्यात ती वर्षानुवर्षे भिजते, गंजते, सुईच्या अग्राएवढी भोके पडतात. तीन दिवस त्या पाइपात दाब नसतो. चौथ्या दिवशी पाणी येते तेव्हा तीन दिवस जे आत मुरले, ते पहिल्या बादलीबरोबर बाहेर येते. पहिली बादली गढूळ, वासाची म्हणून बायका ओतून देतात. चांगलेच करतात. पण वास गेला म्हणजे जंतू गेला, असे नाही.

त्यात भर आपलीच. पाणी आले की गल्लीत एकापाठोपाठ मोटारी सुरू होतात. नळाला थेट जोडलेली मोटार पाणी नुसते उचलत नाही, लाइन शोषते. आधीच कमी असलेला दाब शून्याच्या खाली जातो, आणि शेजारच्या गटारातले पाणी शेजाऱ्याच्या भेगेतून सगळ्या गल्लीच्या लाइनमध्ये येते. मोटारवाल्याला दोन पिंपे जास्त मिळतात, मोटार नसलेल्या भाडेकरूच्या पोराला जुलाब लागतात. हे महापालिकेचे पाप नाही. हे आपले आहे.

आणि जो माणूस रात्री-अपरात्री चावी सोडायला येतो त्याला शिव्या देऊ नका. तो वेळापत्रक ठरवत नाही.

आता आठवण करून देतो. २०१२ च्या उन्हाळ्यात या शहरात काविळीची साथ आली. शेकड्यांनी माणसे पिवळी पडली, दवाखान्यांत खाटा पुरेनात, माणसे दगावली. पंचगंगेच्या प्रदूषणाचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. तेव्हाच्या बातम्यांनी मंत्री आले, टँकर आले, ब्लीचिंग पावडर आली. साथ ओसरली, तसे सगळे ओसरले. ज्या घरातले माणूस गेले, त्या घराला मात्र ते विसरता आलेले नाही.

दूषित पाण्यातून पसरणाऱ्या या काविळीची, हेपॅटायटिस ई ची, एक खोड प्रत्येकाने समजून घेतली पाहिजे. विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला दोन ते दहा आठवडे लागतात, साधारण सव्वा महिना. म्हणजे आज पेशंट दिसू लागले, तर ज्या पाण्याने घात केला ते पाणी केव्हाच पिऊन, वाहून, सुकून गेलेले असते. साथ आल्यावर पाण्याचे नमुने घ्यायला धावणारी यंत्रणा बहुतेक वेळा आजचे स्वच्छ पाणी तपासते आणि 'नमुने समाधानकारक' असा अहवाल देते. तो अहवाल खोटा नसतो, नुसता निरुपयोगी असतो. सव्वा महिन्यापूर्वीच्या मंगळवारी, अमक्या गल्लीत, नळाच्या पाण्यात क्लोरीन किती होते, हे रोजच्या रोज लिहून ठेवलेले असेल तरच काही कळते. आणि गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत ही कावीळ झाली, तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणी वाचत नाहीत. ज्यांना हा विषय किरकोळ वाटतो त्यांनी हा आकडा पुन्हा वाचावा.

दिल्लीत हेच १९५५ साली झाले. यमुनेचा प्रवाह सरकला, नजफगढ नाल्याची घाण उलटी वजिराबादच्या पंपिंग स्टेशनच्या तोंडाशी आली. तिथल्या कर्मचाऱ्यांनी पाणी बिघडलेले ओळखले, तुरटी वाढवली, क्लोरीन वाढवले. त्यामुळे टायफॉइड वाढला नाही. पण हा विषाणू चिवट निघाला. काही आठवड्यांनी, डिसेंबर-जानेवारीत, सुमारे २९,३०० माणसांना कावीळ झाली. दिल्लीला एकदा चुकून नाल्याचे पाणी आले होते. पंचगंगेत वरच्या कोल्हापूरचे मैलापाणी वर्षानुवर्षे येत आले आहे. जयंती नाला आणि दुधाळी नाला ही नावे कोल्हापूरकरांइतकीच आपल्यालाही पाठ आहेत. त्या कोल्हापूरने २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइनने स्वच्छ पाणी आणले. आणले, बरे झाले, आमचा हेवा नाही. पण स्वतः वरचे पाणी प्यायचे आणि खालच्याला नाला पाजायचा, हा न्याय कोणत्या शाहूनगरीचा?

हे म्हणताना आपण आरशातही बघू. आपला काळा ओढा कुठे जातो? कापड-प्रोसेसचे रंगीत पाणी आणि शहराचे मैलापाणी शेवटी कुणाच्या अंगणात उतरते? शिरोळ तालुक्यात तेरवाडच्या बंधाऱ्याला मेलेल्या माशांचा खच पडतो तेव्हा तिथली माणसे आपल्याला काय म्हणत असतील? दानोळीने वारणा अडवली तेव्हा आपण त्यांना निर्दयी ठरवले. आधी स्वतःची नदी नासवली, मग दुसऱ्याच्या नदीवर हक्क सांगायला आले, असे त्या गावांनी म्हटले तर आपल्याकडे उत्तर नाही.

मुद्द्यावर येतो. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक आहे, आयएस १०५००. ते सांगते की शंभर मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा मैल्यातला जंतू सापडताच कामा नये, आणि ग्राहकाच्या नळाला पाणी पोचते तेव्हा त्यात लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम मोकळे क्लोरीन शिल्लक असावे. विषाणूंची भीती असेल तर ०.५. फिल्टर हाउसमध्ये किती टाकले हा प्रश्नच नाही. शेवटच्या घरात किती उरले, हा प्रश्न आहे. पाइपात घाण शिरली की क्लोरीन तिच्याशी झुंजण्यात संपते. नळाला क्लोरीन शून्य आले, याचा अर्थ वाटेत काहीतरी शिरले असण्याची शक्यता मोठी, किंवा मुळात पुरेसे टाकलेच नाही. दोन्ही वाईट. हा एक आकडा संपूर्ण शहराच्या पाइपांची नाडी सांगतो.

आणि तो काढायला शास्त्रज्ञ लागत नाही. खेड्यातला जलसुरक्षक रोज काढतो. काचेच्या छोट्या नळीत खुणेपर्यंत नळाचे पाणी घ्यायचे, ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे, हलवायचे. क्लोरीन असेल तर पाणी लगेच पिवळे होते, जितके जास्त तितके गडद. शेजारच्या रंगपट्टीशी नळी धरून आकडा वाचायचा. पाणी पांढरेच राहिले तर क्लोरीन नाही. यालाच ओटी टेस्ट म्हणतात, उपकरणाला क्लोरोस्कोप. एखाद्या पोराला पाच मिनिटांत शिकवता येते. (तपासलेले पाणी ओतून द्या, ते औषध पोटात जाता कामा नये.)

आपल्या शेजारच्या ग्रामपंचायतींना पाण्याच्या व्यवस्थेवरून कार्ड मिळते. हिरवे, पिवळे, नाहीतर लाल. लाल कार्ड लागले की सरपंचाचे तोंड उतरते, पेपरात नाव येते. इचलकरंजी २०२२ साली महानगरपालिका झाली. पाटी बदलली, लेटरहेड बदलले. पण आपल्या वॉर्डाच्या चौकात पाण्याचे हिरवे किंवा लाल कार्ड लागलेले कुणी पाहिले आहे का? खेड्याला जो हिशेब द्यावा लागतो, तो महानगराने का देऊ नये?

'आम्ही रोज तपासतो, रजिस्टर आहे,' असे उत्तर येईल. रजिस्टर असेलही. मग ते चौकात लावा. कपाटातल्या रजिस्टरचे काय होते याचा धडा कॅनडातल्या वॉकर्टन नावाच्या, पाचेक हजार वस्तीच्या गावाने दिला आहे. मे २००० मध्ये मुसळधार पावसात शेतातले शेण तिथल्या विहिरीत उतरले. सात माणसे मेली, सुमारे २,३०० आजारी पडली. न्यायालयीन चौकशीत निघाले काय, तर पाणी खात्यातली माणसे क्लोरीनचे आकडे न मोजताच, मनाने लिहीत होती. आणि ते काही राक्षस नव्हते. ते स्वतः ते पाणी बिनक्लोरीनचेच आवडीने पीत असत! आजवर काही झाले नाही, मग उद्या काय होणार, एवढाच त्यांचा विचार. असा विचार करणारी माणसे काय कॅनडातच जन्मतात?

'इतकी काळजी असेल तर आरओ बसवा,' असे सांगणारे पुष्कळ. ज्यांच्या घरी आरओ आहे त्यांनी तर नळाच्या पाण्याचा विषयच सोडून दिला आहे. शहरात ज्यांचा आवाज चालतो, ते डॉक्टर, वकील, व्यापारी, कारखानदार या रांगेतून केव्हाच बाहेर पडले. नळाचे पाणी बिघडण्याचे हे एक मोठे कारण आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणि आरओ कसा विकला जातो? विक्रेता ओट्यावर दोन ग्लास मांडतो. एकात नळाचे पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचे. दोन्हींत दांड्यांचे एक विजेचे यंत्र बुडवतो. मिनिटाभरात नळाचे पाणी तपकिरी होते, वर हिरवट साका येतो, आणि घरची माणसे तोंडाला हात लावतात. ही हातचलाखी आहे. तो गाळ पाण्यातला नसतो, त्या यंत्राच्या लोखंडी दांड्याचा असतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते आणि दांडा झिजतो. क्षार काढून टाकलेल्या पाण्यातून वाहत नाही. उत्तमातल्या उत्तम विहिरीचे पाणीसुद्धा त्या यंत्राने तपकिरी होईल. तसाच तो टीडीएसचा मीटर. तो क्षार मोजतो, जंतू मोजत नाही. काविळीच्या विषाणूंनी भरलेल्या पाण्याचा टीडीएस सुरेख येऊ शकतो. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तर पाण्याचा टीडीएस पाचशेच्या आत असेल तिथे आरओ नकोच, असे म्हटले होते. वर, लिटरभर पाणी गाळायला दोन-तीन लिटर मोरीत. चार दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात!

राहिला जार. माग कामगाराच्या घरी आरओ नसतो, वीस लिटरचा थंडगार जार असतो. जारवर ना तारीख, ना परवान्याचा नंबर. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी भागात जीबीएसची, म्हणजे गुलियन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची, साथ आली तेव्हा खासगी आरओ प्लांटच्या पाण्यातही दोष निघाले आणि महापालिकेला ते सील करावे लागले. म्हणजे पैसे मोजूनही तेच. पाणीपट्टी एकदा, जार दुसऱ्यांदा, दवाखाना तिसऱ्यांदा. कामगाराला चौथ्यांदाही, कारण त्याची मजुरी कापडावर आहे. कावीळ झाली की तीन-चार आठवडे खाट, आणि माग दुसऱ्याच्या हातात.

आता हुकमी सबब, 'नळाला शुद्ध पाणी आपल्याकडे होणार नाही.' केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये २१ शहरांच्या नळाच्या पाण्याची तपासणी जाहीर केली. दिल्लीचे अकराच्या अकरा नमुने नापास. मुंबईचे दहाच्या दहा पास, आणि सगळ्या कसोट्यांवर उतरलेले तेवढे एकच शहर. 'मुंबई श्रीमंत आहे' म्हणाल, तर ओडिशातली पुरी घ्या. अडीच लाखांच्या आसपास वस्ती, म्हणजे आपल्याच बरोबरीचे गाव, त्यात यात्रेकरूंचा लोंढा. जुलै २०२१ पासून तिथे चोवीस तास, थेट नळातून पिता येईल असे पाणी देण्याची योजना सुरू झाली. 'ओडिशा लांब आहे' म्हणाल, तर कराडशेजारचे मलकापूर घ्या. आपल्याहून कितीतरी लहान गाव, मीटर लावून चोवीस तास पाणी देऊन दाखवले. दाब कायम असेल तर बाहेरची घाण आत ओढली जात नाही, हे सगळे तंत्र एवढ्या एका गोष्टीवर उभे आहे. चोवीस तास पाणी म्हणजे चैन नव्हे. आणि मीटरने गळतीही सापडते, म्हणून पाणी जास्त लागत नाही. ज्यांना मीटर नको आहे, त्यांना गळती का हवी आहे ते विचारावे.

चोवीस तास पाणी उद्या सकाळी होणार नाही, हे आम्हाला कळते. पण जे उद्या सकाळी होऊ शकते ते तरी करा. प्रत्येक वॉर्डात, पाणी सुटेल त्या दिवशी, लाइनच्या शेवटच्या टोकाच्या नळावर क्लोरीन मोजा आणि आकडा चौकातल्या फळ्यावर खडूने लिहा. शून्य आले तर शून्य लिहा, आणि त्या गल्लीला उकळून प्यायला भोंग्यावरून सांगा. घरपट्टी थकली की भोंगा लावून गाडी फिरवता येते, तर यासाठीही येईल. गटारातून जाणाऱ्या सर्व्हिस लाइन वॉर्डवार मोजून गटाराच्या वर उचला, सर्वांत आधी जिथे काविळीचे, गॅस्ट्रोचे पेशंट निघाले तिथे. खासगी दवाखान्यांकडून कावीळ-जुलाबाचे आकडे दर आठवड्याला घेऊन त्याच फळ्यावर लिहा. मोटारी पकडा, आणि सुरुवात नगरसेवकांच्या गल्लीपासून करा. या कामांना कोणत्याही नदीची, कोणत्याही मंत्र्याची, कोणत्याही काठाच्या परवानगीची गरज नाही.

तोवर पाणी उकळून प्या, विशेषतः घरात गरोदर बाई असेल तर. सिलिंडरचा भाव आम्हालाही माहीत आहे. म्हणूनच हा उपाय आम्ही महापालिकेच्या वतीने फुकटात सुचवायला तयार नाही. हा तात्पुरता आहे.

आणि आता अर्ज. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५. जोडपत्र 'अ' घ्या, पाणीपुरवठा विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाने लिहा: 'माझ्या वॉर्डातील नळाच्या पाण्याच्या मागील बारा महिन्यांतील अवशिष्ट क्लोरीनच्या नोंदी, तारीख व ठिकाणनिहाय, त्याच काळातील जैविक तपासणीचे प्रयोगशाळेचे अहवाल, आणि दूषित पाण्याच्या आलेल्या तक्रारींची यादी व त्यांवर केलेली कारवाई, यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात. तसेच अधिनियमाच्या कलम २ नुसार माझ्या वॉर्डात पुरवल्या जाणाऱ्या पाण्याचा प्रमाणित नमुना मिळावा.' हो, नमुनासुद्धा. या कायद्याने माणसाला नुसता कागद नाही, वस्तूचा प्रमाणित नमुना मागण्याचाही हक्क दिला आहे, आणि तो आजवर फार थोड्यांनी वापरला आहे. गल्लीत काविळीचा पेशंट असेल तर अर्जात तसे स्पष्ट लिहा आणि कलम ७ चा उल्लेख करा. जीविताशी संबंधित माहिती तीस दिवसांत नव्हे, ४८ तासांत द्यावी लागते. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर त्याची झेरॉक्स जोडा, मग तेही दहा रुपये लागत नाहीत. आवक शिक्का मारलेली प्रत हातात घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. एका वॉर्डातून एक अर्ज गेला तर तो फायलीत जाईल, एका गल्लीतून वीस गेले तर फळा लागेल.

आपलेच,
काही नळधारक, इचलकरंजी